सुपात वाळत घातलेली रेकॉर्ड

आमच्या पडवीत बसून परदेशी बेंड ऐकणारी पाच माणसं होती. चार गेली. सगळ्यात शेवटी गेली ती माझी बायको, गेल्या माघात. आता मी एकटा उरलो. माझी शाळा तिसरीपर्यंत. नीटनेटकं लिहिणं मला जमायचं नाही. पण मीही गेलो की हे सांगायला कुणी राहणार नाही, आणि ही गोष्ट अशीच मातीत जावी असं मला वाटत नाही. म्हणून लिहायला बसलो.

एकोणीसशे सत्तर साल जवळ आलं होतं तेव्हाचं हे. मी बोटीवर तेलवाला होतो. इंजिनाच्या खोलीत हातात तेलाची झारी घेऊन फिरायचं, कुठला सांधा तापलाय ते हात लावून बघायचं, हे काम. कानात दिवसभर घणघण. आमच्या बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, गोव्याकडचा होता. त्याला गाण्याचं भलतं वेड. एका बंदरात त्याने मला हाताला धरून एका दुकानात नेलं आणि एक रेकॉर्ड ऐकवली. त्यात आपल्या लग्नातल्या बेंडासारखी पितळी वाद्यं होती, पण त्यांच्याबरोबर विजेवरची गिटार, आणि ढोल बडवणारा असा की सगळं अंग हलवील. मी इंजिनातला माणूस. मला वाटलं, आमचं इंजिन कुणीतरी सुरात लावलंय. मी ती रेकॉर्ड घेतली आणि ती वाजवायला सेलवर चालणारी एक पेटीही घेतली, कारण आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती.

बेंडाचं नाव मला कधीच वाचता आलं नाही. गाण्याचंही नाही. त्यामुळे काही अडलं नाही.

लग्न होऊन मी बोटीवर गेलो होतो तो चौदा-पंधरा महिन्यांनी घरी आलो. जायच्या आधी हिच्याशी माझं बोलणं झालं असेल तर जेवण वाढताना, 'पुरे' आणि 'आणखी'. खोटं कशाला सांगू, हिचा चेहरा मला बोटीवर आठवायचा नाही. हातातल्या बांगड्या आठवायच्या. तेव्हा घरात मोठी माणसं असताना नवऱ्याने बायकोशी बोलत बसायची पद्धत नव्हती. वडील वारले होते, पण आई होती, आणि शेजारच्या घरातले काका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, दिवसातून चार वेळा आमच्या पडवीवर असायचे. काकांसमोर ही डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायची नाही. मग बोलायचं कधी?

तळेऱ्याला गाडी बदलून मी घरी पोचलो तेव्हा आषाढ लागला होता. डोक्यावर ती पेटी, वर गोणपाट. आईला वाटलं शिवणाचं मशीन आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी पेटी पडवीत मांडली आणि रेकॉर्ड लावली.

काका भजनात पखवाज वाजवायचे. पखवाजाला लावायची कणीक मळत ते बसले होते. ते थांबले. हाताला कणीक तशीच. थोडा वेळ बोटं मांडीवर मोजत राहिले आणि मग म्हणाले, "हो मेलो समेर येणाच नाय. कोणी शिकवल्यान ह्येका?" पण उठले नाहीत. गाणं संपल्यावर परत लाव म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की तो वाजवणारा सातात मोजतोय. मग ते असे खूश झाले की कणीक कुत्र्याने नेली तरी त्यांना कळलं नाही.

आईचं म्हणणं वेगळं. पितळी वाद्यं सगळी एकदम सुरू झाली की ती म्हणायची, "ह्येंका सगळ्यांका एकदमच बोलूचा आसता काय? किनाऱ्यार लिलाव चलल्यासारख्या." तेव्हापासून गाण्यातल्या त्या जागेचं नाव लिलाव पडलं. सुरुवातीला एक लांब भोंगा होता, त्याचं नाव तळेऱ्याची गाडी. आणि मध्ये एक जागा होती. सगळं पितळ गप्प व्हायचं, ढोलसुद्धा, आणि एकच बारीक सूर वाहत राहायचा. बासरी असावी. त्या जागेला आमच्यात व्हाळ म्हणायचे. ओढ्याला आमच्याकडे व्हाळ म्हणतात. हे नाव कुणी दिलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. एक दिवस आई म्हणाली, व्हाळ इलो, आता पान लावतंय, आणि तेच नाव पडलं.

पाचवा माणूस आला खाडीपलीकडून. तो किरिस्ताव. होड्यांचं सुतारकाम करायचा आणि लगीनसराईत कणकवलीच्या एका बेंडात पिपाणी वाजवायचा. पिपाणी म्हणजे पितळेची, तीन कळांची. त्याला आम्ही बेंडवालाच म्हणायचो. काकांनी त्याला मुद्दाम निरोप धाडला की तुझ्या जातीचं काहीतरी आमच्या पडवीत वाजतंय, येऊन बघ. तो तरीच्या होडीतून आला, उकिडवा बसला, आणि संपेपर्यंत हलला नाही. मग म्हणाला, "सायबानू, ह्ये लोक जेयतत काय? एवडो दम खंयसून आणतत?" काकांनी त्याला विचारलं, तुला असं येईल काय. तो म्हणाला, मला येणार नाही, पण मी पुढच्या बाजाराच्या दिवशी परत येतो. आला. नंतर दर बाजाराच्या दिवशी यायचाच.

आता हिचं सांगतो. पहिल्या दिवशी गाणं सुरू झालं आणि ही सूप घेऊन माजघराच्या दारात येऊन बसली. तांदूळ निवडायला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आईने सूप बघितलं आणि म्हणाली की गो, हे तांदूळ कालच निवडून झाले होते. ही म्हणाली, खडे राहिले असतील. आईला सगळं कळत होतं. पण आईलाही लिलाव ऐकायचा असायचा, त्यामुळे दोघींचं जमलं.

मी भिंतीला पाठ टेकून बसायचो तिथून मला फक्त हिचे हात आणि सूप दिसायचं. लिलाव सुरू व्हायच्या एक क्षण आधी, पितळ वाजायच्या आधी, ही सुपाच्या काठावर बांगडी वाजवायची. एकदाच. टक. मग लिलाव. मला पहिल्यांदा वाटलं चुकून झालं. दुसऱ्या वेळी परत. मग मी वाट बघायला लागलो. ती वाजवायची आणि मी मान खाली घालून हसायचो. तिला माहीत असायचं की मी हसतोय. एवढंच. पण त्या पावसाळ्यात आम्ही नवरा-बायको झालो ते त्या 'टक'मुळे. लग्नातल्या अक्षतांनी काही झालं नव्हतं, हे मी साफ सांगतो.

दसरा झाल्यावर मला परत बोटीवर जायचं होतं. जायच्या दिवशी विहिरीवर दोन मिनिटं मिळाली. मी म्हटलं, ती रेकॉर्ड जप. ही म्हणाली, "जपतंय. तुमी येशात तेवा पयली तीच लावया." बस. यापेक्षा मोठं बोलणं आमचं तोवर झालं नव्हतं.

पुढचं मला आईने आणि काकांनी नंतर सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

मी गेल्यावरही दुपारची बैठक चालू राहिली. आईच पेटी लावायची. सेल संपले की काका जामसंड्याला जाऊन आणायचे. पण आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. कपाटातल्या पितळेलाही बुरशी येते. रेकॉर्डच्या पाकिटाला पांढरी बुरशी धरली होती आणि खुद्द रेकॉर्डवरही ठिपके आले होते. हिने ती फडक्याने पुसली, पण वास जाईना.

वैशाख आला. आमच्याकडे वैशाखात जे काही घरात असेल ते उन्हात जातं. खळं सारवायचं आणि त्यावर सगळं मांडायचं. सोलं, पापड, फणसाच्या आठळ्या, सुकी मासळी एका बाजूला, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, देवघरातली पोथीसुद्धा. पावसाच्या आधी ऊन खाल्लं की वस्तू वर्षभर टिकते, हे प्रत्येक पोरीला आईच्या घरीच शिकवलेलं. तसंच हिने केलं. रेकॉर्ड पाकिटातून काढली, सुपात घातली, आणि पापडांच्या शेजारी खळ्यात ठेवली. वर पातळ फडकं घातलं, कावळ्याने चोच मारू नये म्हणून. इतकी काळजी. मग ती पाण्याला गेली.

परत आली तर पापडही वळले होते आणि रेकॉर्डही.

काका सांगत, ही घागर तशीच डोक्यावर घेऊन उभी होती. घागर खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. मग तिने रेकॉर्ड उचलून सावलीत नेली आणि हाताने सपाट करायला गेली, तर ती हाताबरोबर वाकली. आईने बघितलं. आई तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी ओरडली नाही. ती म्हणाली, गरम आहे तोवर सरळ होईल. भात शिजत होता त्या टोपाच्या झाकणावर तिने ती ठेवली. मऊ झाली की पाट्याखाली दाबू असा विचार. ती इतकी मऊ झाली की मधे बसली आणि कडा वर आल्या. पाट्याखाली ठेवायला उचलली तेव्हा तिची बशी झाली होती.

बाजाराच्या दिवशी बेंडवाला आला. त्याने ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला, मेलेल्या माणसासमोर लावतात तसा. काकांनी त्याला शिवी दिली. तरीही त्यांनी ती पेटीवर लावून बघितली. सुई वादळातल्या होडीसारखी वर गेली, खाली आली आणि उडून बाहेर पडली.

हिने त्या दिवसापासून जेवण सोडलं नाही की रडली नाही. पण बोलणं बंद. दुपारी सूप घेऊन दारात यायची, तिथेच बसायची, आणि पडवीत काहीच वाजत नसायचं. एक दिवस आईने विचारलं, माझा मुलगा काय तुला मारणार आहे? ही म्हणाली, माराची भीती नाही. मग कसली? तेव्हा हिने आईला जे सांगितलं ते आईने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. ही म्हणाली, "आये, आमची वळख तेच्यार झाली. तेच्याशिवाय ते माका वळखतीत काय?"

आई माजघरातून बाहेर आली आणि काकांना म्हणाली, तुम्ही दोघे बाप्ये एवढे महिने ऐकत बसलात, तुम्हाला काय येतं?

तिथून ते सुरू झालं. मी चतुर्थीला येणार होतो. तोवर गाणं बसवायचं. रेकॉर्ड नाही तर नाही, आपण वाजवू. काकांना सातांचा ठेका तोंडपाठ होताच. बेंडवाल्याला तळेऱ्याची गाडी आणि लिलाव दोन्ही येत होते. आता लिलावात किती पितळ होतं देव जाणे, आणि इथे ह्याची पिपाणी एकच. तो म्हणाला, मी एकटाच सगळ्यांच्या वतीने भांडीन. झांजेला काकांचा एक भजनी भाऊबंद मिळाला.

पाऊस लागला. पडवीत तालीम चालायची. दोन्ही टोकं बसली. पण मधला व्हाळ कुणालाच येईना. बेंडवाल्याने डोकं खाजवलं, काकांनी डोळे मिटले. एक ओळसुद्धा नाही. का, तर ती जागा हळू होती. ती आली की हे दोघे बोलायचे. विडी पेटवायचे. त्या ढोलवाल्याचा बाप कोण असेल यावर वाद घालायचे. आई पान लावायची. वर्षभर त्या जागेवर ही सगळी आपापल्या उद्योगात असायची.

ऐकत होती ती फक्त ही. व्हाळ हे नावही हिनेच आईला सांगितलं होतं.

आता घोटाळा बघा. ही सून. समोर चुलतसासरा आणि परका बाप्या. त्यांच्यासमोर बसून तोंड उघडून सूर लावायचा, हे त्या काळी होण्यासारखं नव्हतं. काकाही सांगू शकत नव्हते की सुनबाय, गा. आईही सांगू शकत नव्हती. पागोळ्या पडत होत्या.

मग ही उठली आणि आत गेली. आत जातं होतं. तिने पायलीभर तांदूळ घेतले आणि दळायला बसली. जात्यावर बसलेल्या बाईने काय गावं, किती मोठ्याने गावं, हे विचारायला कुणी जात नाही. सासरा असो की गावचा खोत, जात्यावरचं गाणं बाईचं. घरघर सुरू झाली आणि तिच्यातून व्हाळ आला. शब्द नव्हते, नुसता सूर. जात्याचा फेरा जिथे जड व्हायचा तिथे सूर थोडा लांबायचा. काका म्हणत, आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही, खाली बघत ऐकत राहिलो. आई म्हणे दारात उभी राहून मोठ्याने बोलली, कुणालाच नाही, असंच, "आज दळाण लय आसा. उद्यापन आसा."

त्या पावसाळ्यात आमच्या घरात जितकं पीठ झालं तितकं कधी झालं नसेल. शेजाऱ्यांना घावण्यांसाठी फुकट वाटलं. बेंडवाला जाताना रुमालात बांधून न्यायचा. त्याची बायको म्हणायची, तू तिकडे पिपाणी वाजवतोस की गिरण चालवतोस?

मी आलो चतुर्थीच्या दोन दिवस आधी. मला यातलं काही माहीत नाही. घरात पाहुणे, मुंबईचे चाकरमानी, पोरांचा गलका. मी पाय धुवायला विहिरीवर गेलो तर ही मागून आली. घागर भरायचं निमित्त. कळशी पाण्यात सोडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रेकॉर्ड गेली. वाळत घातलंय ती माझ्याच हातान. आये काय बोलली नाय. तुमी काय ता बोला."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने आतून हाक मारली, आणि त्याच वेळी माझा मुंबईचा मावसभाऊ लोटा घेऊन विहिरीवर आला. ही घागर घेऊन गेली. त्या भरल्या घरात त्यानंतर दोन दिवस आम्हा दोघांना एक शब्द बोलायला कोपरा मिळाला नाही. वाढताना तिचा हात माझ्या पानापाशी यायचा आणि लगेच मागे जायचा. बांगड्यासुद्धा वाजू द्यायची नाही. मी 'पुरे' म्हणायचो. 'आणखी' म्हणायचो. परत पहिल्यासारखंच.

चतुर्थीच्या दिवशी दुपारी आरती झाली, नैवेद्य झाला, माणसं जेवून पडवीत पसरली. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला टांगलेली रानफळं, त्यांचा वास सगळ्या घरभर. तेवढ्यात खाडीपलीकडून बेंडवाला आला, धुतलेला सदरा, काखेत फडक्यात गुंडाळलेली पिपाणी. काकांनी पखवाज पुढे ओढला. मला वाटलं भजन आहे. पण काका आधी उभे राहिले आणि गणपतीसमोर हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागले. आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही होत नाही.

"बा गणपती म्हाराजा, आज ह्या घरात जो काय बेंड वाजतलो तो आपलो न्हय, परमुलखातलो आसा. मात्रा सात आसत, तेका आमचो इलाज नाय. ह्यात जां काय चुकता, उणा पडता, तां तुझ्या पोटात घाल. आणि लांबसून इलेल्या ह्या झिलाच्या कपाळार आठी येवक देव नको रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." बेंडवालाही म्हणाला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

मग तळेऱ्याची गाडी सुटली.

मी हललो. बेंडवाल्याच्या गालांचे फुगे झाले होते, मानेवरच्या शिरा वर आल्या होत्या. काकांचा पखवाज सातात चालला होता. हे माझ्या बोटीवरचं, त्या बंदरातल्या दुकानातलं गाणं, आणि झांजेबरोबर, गणपतीसमोर. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. माझा मावसभाऊ म्हणाला, हे कुठलं भजन?

मग बेंडवाल्याने पिपाणी ओठांवरून काढली आणि मांडीवर ठेवली. काकांनी हात पखवाजावर सपाट ठेवले. मला वाटलं विसरले. तेवढ्यात आतून जात्याची घरघर आली. सणाच्या दिवशी दुपारी जातं कोण फिरवतं? आणि त्या घरघरीतून व्हाळ.

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि माझी बायको गाते हे मला माहीत नव्हतं. आवाज काही गोड होता असं मी सांगणार नाही. जाडसर होता, थोडा बसका, पाण्याला दूर हाक मारणाऱ्या बाईचा. पण एक जागा चुकली नाही. रेकॉर्डमध्ये बासरीवाला जिथे श्वास घ्यायचा तिथे हीसुद्धा घ्यायची. आई माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिने पान लावलं नाही.

व्हाळ संपत आला. त्याच्यानंतर परत लिलाव यायचा. मला ती जागा झोपेतही कळली असती. रिकामं सूप माजघराच्या दारात भिंतीला उभं होतं, माझ्या हाताशी. बेंडवाल्याने पिपाणी ओठाला लावली, श्वास घेतला, आणि त्या क्षणी मी सुपाच्या काठावर अंगठीने वाजवलं. एकदा. टक.

आतलं जातं थांबलं. मग पितळ सुरू झालं आणि त्या गडबडीत जातं परत फिरायला लागलं, आधीपेक्षा जोरात. आई पदराने तोंड दाबून हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी ही मला वाढायला आली तेव्हा बांगड्या वाजल्या.

ती बशी हिने टाकली नाही. सुरंगीच्या दिवसांत फुलं वेचून आणायची आणि वळेसर गुंफताना त्याच बशीत ठेवायची. काळ्यावर पिवळी फुलं चांगली दिसतात म्हणायची. नाव लिहिलेला मधला कागद अर्धा पहिल्या उन्हातच सुटून उडाला होता, उरलेला वाळवीने खाल्ला. पेटी गंजून गेली. आई गेली, काका गेले, बेंडवाला गेला. त्याच्या मैताला मी आणि ही दोघं तरीतून गेलो होतो. मी बोट सोडून घरी बसलो. गावात वीज आली, गिरण आली. तांदूळ गिरणीत जायला लागले. पण कुळीथ ही शेवटपर्यंत घरीच दळायची. गिरणीच्या पिठीला चव नाही म्हणायची. मी पडवीत असायचो. व्हाळ आला की मी जिथे असेन तिथे बसायचो. विडी पेटवायचो नाही.

शेवटच्या आजारात हिचा आवाज गेला. माणसं ओळखायची नाही. मला ओळखत होती की नाही, सांगता येणार नाही. पण दुपारी कधीकधी उजव्या हाताचं बोट गोधडीवर गोल फिरायचं. आमच्या सूनबाईला, मुलाच्या बायकोला, वाटलं कळ येते. मला माहीत होतं ते काय आहे. मी बाजूला बसायचो आणि मनात मोजायचो, सात, सात. संपत आलं की खाटेच्या लाकडावर अंगठीने वाजवायचो. बोट थांबायचं. काही वेळा परत फिरायला लागायचं, काही वेळा नाही.

मुलगा म्हणतो, बाबा, ते गाणं आता शोधून मिळतं, तुम्ही नुसतं गुणगुणून दाखवा, फोन सांगतो कुठलं ते. मला सूर लागत नाही. आणि लागला असता तरी मी नको म्हटलं असतं. त्यात गाडी मिळेल, लिलाव मिळेल. माझं अडलंय मधल्या जागेवर. ही गेल्यापासून व्हाळाची सुरुवात मला आठवते आणि मग तो कुठे वळतो ते सापडत नाही. पलंगावर पडून सापडत नाही, पडवीत बसून सापडत नाही.

म्हणून मी जातं बाहेर काढलं. रिकामं फिरवू नये, दगड दगडाला खातो, म्हणून ओंजळभर भाजलेले कुळीथ घातले. बाप्या माणूस जात्यावर बघून सून दारात उभी राहिली. माझे खांदे म्हातारे, फेरा लवकर जड होतो. जड झाला की तिथे थांबून ओढावं लागतं. आणि तिथेच, जिथे ही सूर लांबवायची, तिथे ते वळण मला मिळालं. पुढचं नाही मिळालं. तेवढंच मिळालं.

सुनेने पिठी बोटांत घेऊन बघितली. म्हणाली, बाबा, जाड राहिलीय.

मी म्हटलं, राहू दे. उद्या परत दळतो.